अर्धा व्होल्ट

जुन्या मोटारसायकलचा हेडलाइट पिवळा पडू लागला की पहिला आळ येतो तो बॅटरीवर. ती हाताशी असते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि कधी ना कधी ती जायचीच असते. त्यामुळे ती बदलण्याआधी फारसा विचार कुणी करत नाही. नवी बॅटरी बसली, दिवा लख्ख लागला की काम झालं असं समजून गाडी घरी जाते. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा पिवळा पडतो. मग कटआऊट बदलला जातो, मग डायनामो वाइंडिंगला जातो, मग सगळं वायरिंग उपसलं जातं. या खटाटोपात गाडी एखाद वेळी बरी होतेही. पण ती नेमकी कशानं बरी झाली हे कुणालाच सांगता येत नाही आणि माझ्या मते खरा तोटा तो आहे. पैसे जातात ते वेगळंच. भाग बदलल्यावर गाडी चालू लागली म्हणजे तोच भाग खराब होता, हा निष्कर्ष जुन्या गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा घाईचा असतो. चार्जिंगच्या तक्रारीइतका स्वच्छ दाखला त्याला दुसरीकडे मिळणं कठीण.

उदाहरणासाठी बीएसएची एम२० घेऊ. एका सिलिंडरची, साइड व्हॉल्व्हची, ५०० सीसीची ही दणकट गाडी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनली. सैन्य जिथं गेलं तिथं ती गेली. हिंदुस्थानातही आली आणि लढाई संपल्यावर डिस्पोजलच्या मालातून इथल्या लोकांच्या हाती पडली. तिच्यावर ल्यूकसचा मॅगडायनो असतो, म्हणजे खाली मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर पट्ट्यानं आवळलेला सहा व्होल्टचा डायनामो. ठिणगी मॅग्नेटो देतो, तिचा बॅटरीशी काही संबंध नाही. डायनामो फक्त दिवे, हॉर्न आणि बॅटरी सांभाळतो. जावा-येझदीची गोष्ट वेगळी. तिची ठिणगी बॅटरीवर चालते, म्हणून चार्जिंग बंद पडलं की गाडी स्वतःच रस्त्यात उभी राहून तक्रार करते. एम२० तसं करत नाही. चार्जिंग मेलेलं असलं तरी ती दिवसभर खुशाल धावते आणि दुखणं अंगात मुरत जातं.

हे मुरणं किती चालतं याचा हिशेब सोपा आहे. पुढचा ३० वॅटचा आणि मागचा ३ वॅटचा दिवा मिळून सहा व्होल्टला साडेपाच अँपिअर ओढतात. बॅटरी १२ अँपिअर-अवरची धरली तर नुसत्या तिच्या जिवावर दिवे कागदोपत्री दोन तास लागतील, प्रत्यक्षात थोडे कमीच. पण हौसेनं ठेवलेली जुनी गाडी रात्री कितीशी फिरते? रविवारी सकाळी एक चक्कर, वर्षातून एखादी व्हिंटेज रॅली. दिवसाच्या फेरीत बॅटरीवर भार असतो तो अधूनमधून वाजणाऱ्या हॉर्नचा. अशा गाडीत नवी बॅटरी बसवली तर चार्जिंग पूर्ण बंद असूनही ती महिना-दीड महिना सहज निभावेल. तेवढ्यात मेकॅनिकचे पैसे चुकते झालेले असतात आणि "बॅटरीच गेली होती" हे वाक्य अनुभव म्हणून जमा झालेलं असतं.

ज्यांना बॅटरीचा संशय नको वाटतो ते अॅमीटरकडे पाहतात. तोही फसवतो. हेडलाइटच्या भांड्यावरचा तो मधोमध शून्य असलेला मीटर बॅटरीत किती करंट जातो किंवा तिच्यातून किती बाहेर येतो एवढंच सांगतो. गाडी वेगात असताना काटा शून्यापाशीच रेंगाळत असेल तर त्याचा अर्थ डायनामो मेला असाही होऊ शकतो आणि बॅटरी पूर्ण भरल्यामुळे ती आणखी घ्यायला तयार नाही असाही. एक अर्थ रोगाचा आणि दुसरा ठणठणीत प्रकृतीचा, खूण मात्र एकच. त्यात सल्फेट धरलेली बॅटरीही करंट घेत नाही, म्हणजे तिसरा अर्थही निघतो. दिवा लावून पाहिलं तर यातला गुंता बराचसा सुटतो. दिवे पेटवल्यावर आणि इंजिनाला वेग दिल्यावर काटा उणे बाजूला पडून राहिला तर डायनामो भार उचलत नाही हे नक्की. पण का उचलत नाही, हे अॅमीटर सांगत नाही. ते विचारायला डायनामोच्याच दारात जावं लागतं.

त्या दारावर दोन टर्मिनल असतात, डी आणि एफ. दोन्ही वायरी काढायच्या. डी आणि एफ उघड्या तारेच्या एका तुकड्यानं एकमेकांना जोडायचे. व्होल्टमीटरचं एक टोक या तुकड्याला लावायचं आणि दुसरं डायनामोच्या अंगाला, तेही रंग खरवडून उघड्या धातूवर. मग इंजिन सुरू करून वेग अगदी सावकाश वाढवायचा. डायनामो ठीक असेल तर आकडा न अडखळता सरसर चढतो. तो १० व्होल्टच्या पुढं जाऊ द्यायचा नाही, कारण रेग्युलेटर आता वाटेत नाही आणि आवरणारं कुणी नाही. हे काम किक मारण्यासकट पाच-दहा मिनिटांचं. खरी मजा आकडा चढत नाही तेव्हा आहे. ल्यूकसच्या वर्कशॉप सूचना म्हणतात की काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास अडकला तर दोष फील्ड वाइंडिंगमध्ये शोधा, आणि दीड-दोन व्होल्टपाशी अडकला तर आर्मेचरमध्ये. काहीच आलं नाही तर आधी कार्बन ब्रश पाहा. ते झिजलेत का, त्यांचे स्प्रिंग ढिले पडलेत का, कम्युटेटरच्या फटींत काजळी बसली आहे का. ही नुसती पाठ करायची यादी नव्हे. या आकड्यांमागं कारण आहे आणि ते कळलं की यादी विसरली तरी चालते.

ते कारण असं. डायनामोत कायमचा लोहचुंबक नसतो. फील्डची कॉइल ज्या लोखंडावर गुंडाळलेली असते त्यात आधीच्या चालण्यातून मागं राहिलेलं अगदी किरकोळ चुंबकत्व असतं. आर्मेचर फिरू लागलं की त्या किरकोळ चुंबकत्वातून अर्धाएक व्होल्ट निर्माण होतो. तोच फील्डमध्ये सोडला की चुंबकत्व वाढतं, त्यानं व्होल्टेज वाढतं, त्यानं पुन्हा चुंबकत्व. स्वतःच्याच तुटपुंज्या भांडवलावर उभं राहण्याची ही कल्पना १८६६-६७ च्या सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्सला आणि इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली यांना जवळजवळ एकाच वेळी सुचली. पहिला मान कुणाचा यावर मग वादही झाला. आता काटा अर्ध्या व्होल्टवर का अडकतो ते पाहा. आर्मेचर फिरतं आहे, ब्रश टेकलेले आहेत, शिल्लक चुंबकत्व शाबूत आहे, कारण यातलं एकही नसतं तर अर्धा व्होल्टही आला नसता. तरी पुढची वाढ होत नाही, म्हणजे मिळालेला करंट फील्डपर्यंत पोचून काम करत नाही. कॉइल तरी तुटली आहे किंवा कुठं अर्थ झाली आहे. दीड-दोन व्होल्ट येत असतील तर फील्ड थोडं जागं झालं आहे, पण आर्मेचरला पुढचं ओझं उचलत नाही. एवढ्याशा आकड्यानं एवढी बातमी द्यावी, हे यंत्र बनवणाऱ्याचं मोठेपण मला वाटतं. काहीच न खोलता आतली निम्मी माणसं निर्दोष सुटतात.

इलेक्ट्रिकवाल्याला चकवणारी एक गंमतही या मॅगडायनोत आहे. डायनामो फिरवणाऱ्या फायबरच्या गिअरमध्ये घसरता क्लच असतो. इंजिनानं अचानक उसळी घेतली तर गिअरचे दात वाचावेत म्हणून ती सोय. हा क्लच ढिला पडला किंवा त्यावर तेल आलं की इंजिन चालतं, मॅग्नेटो चालतो, ठिणगी पडते आणि डायनामो मात्र आळसावून अर्धवट फिरतो. मीटरवर दिसणारं दुखणं विजेचं, मूळ यांत्रिक. आर्मेचर वाइंडिंगवाल्याकडे दहा वेळा पाठवलं तरी ते दहा वेळा ठीकच असणार. डायनामोच्या टोकावरची पट्टी काढून आर्मेचर नेमानं फिरतं आहे ना, हे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं की यातून सुटका होते.

डायनामो पास झाला तर वाट पुढं जाते ती रेग्युलेटरच्या डबीकडे, जिला आपल्याकडे सरसकट कटआऊट म्हणतात. खरं तर त्या डबीत दोघं राहतात. एक रेग्युलेटर, जो व्होल्टेज ठरल्याहून वर गेलं की फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स घालून त्याला आवरतो. दुसरा कटआऊट, जो डायनामोचं व्होल्टेज साडेसहाच्या आसपास पोचलं की बॅटरीशी जोडणी करतो आणि इंजिन मंदावून करंट उलटा वाहू लागला की ती तोडतो. दोघांच्या पातळ तारेच्या कॉइल अर्थला जोडलेल्या असतात. डबीचा ई टर्मिनल गाडीच्या अंगाशी नीट जोडलेला नसेल तर काय होईल? कटआऊटच्या कॉइलचा रस्ता पुरा होत नाही, तो कधी मिटत नाही आणि बॅटरीला थेंबही मिळत नाही. रेग्युलेटरही आंधळा होतो, म्हणून डायनामो मोकाट सुटतो आणि त्याची फील्ड कॉइल तापत राहते. डायनामो उत्तम, रेग्युलेटर उत्तम, बॅटरी उत्तम आणि चार्जिंग शून्य. म्हणूनच नव्यानं नटवलेल्या गाड्यांमध्ये ही तक्रार निघाली की मला नवल वाटत नाही. चॅसिसवर जाडजूड पावडर कोटिंग चढतं, ते दिसायला सुंदर असतं आणि वीज अजिबात जाऊ देत नाही. बोल्टखालचा नखभर रंग खरवडायचा राहून जातो आणि हजारोंचे भाग संशयित ठरतात.

भाग बदलून पाहण्याविषयीचा माझा मुख्य आक्षेप नेमका इथं आहे. कटआऊट बदलणं हे वरून एक काम दिसतं, प्रत्यक्षात ती पाच-सहा कामं असतात. जुना काढताना टर्मिनलचे स्क्रू सुटतात, वायरींची काळी पडलेली टोकं घासली जातात, एखादा गंजलेला लग नवा लावला जातो, डबी बसवायची जागा पॉलिश पेपरनं साफ होते, सगळं पुन्हा घट्ट आवळलं जातं. गाडी चार्ज करू लागते. श्रेय नव्या डबीला जातं, जुनी भंगारात जाते. दोष अर्थचा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर अजून गाडीतच आहे, कारण तीच जागा पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गंजणार. सहा व्होल्टच्या गाडीत अशा किरकोळ गंजाला मोठी किंमत असते. जोडणीत ०.६ व्होल्ट वाया गेले तर बारा व्होल्टच्या गाडीत ते पाच टक्के होतात, सहाच्या गाडीत दहा. आणि दिव्याचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की उजेड दहा टक्क्यांनी घटत नाही, साधारण तीस टक्क्यांनी घटतो. ल्यूकसला अंधाराचा राजपुत्र म्हणून हिणवणारे विनोद इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कंपनीचं सगळंच बिनचूक होतं असं नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या गंजाचा हिशेबही त्या बिचाऱ्या नावावर मांडला जातो, हे काही बरोबर नाही.

यावर गॅरेजमधून येणारा पहिला प्रश्न वाजवी आहे. मेकॅनिकच्या वेळेला मोल आहे, गिऱ्हाइकाला गाडी संध्याकाळी हवी आहे, मग अर्धा दिवस मीटर घेऊन बसायचं कुणी? पण तपासाला अर्धा दिवस लागत नाही. वर सांगितलेली चाचणी डायनामो खोलून, पार्सल करून, वाइंडिंग भरून परत आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. वेळ खातं ते आंधळं बदलणं, फक्त तो वेळ चार वेगवेगळ्या बिलांत विभागला जातो म्हणून एकदम दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुरलेल्या उस्तादाला मीटर लागत नाही, आवाजावरून आणि हाताच्या स्पर्शावरून त्याला कळतं. हे खोटं नाही. आधी कुठं पाहायचं हे अनुभव फार छान सांगतो. त्याच्या बोलण्यावरून तपासाचा क्रम ठरवावा, निकाल मात्र देऊ नये. कारण तो अनुभव ज्यातून जमा झाला ते बरेचसे उपचारच न तपासलेले असतात. गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे इलाज बरोबर, असं गॅरेज धरून चालतं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं, गाडी विकलेली असते किंवा त्यानं रात्री फिरणंच सोडलेलं असतं.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा. थरथरणाऱ्या पॉइंटांच्या या जुन्या डबीशी झगडायचंच कशाला? आतून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा, जमलं तर गाडी बारा व्होल्टवर न्या. याला माझा विरोध नाही. रोज वापरायची गाडी असेल तर तो शहाणपणाच म्हणेन. तोच डायनामो योग्य रेग्युलेटर लावला तर बारा व्होल्टही देऊ शकतो. पण तिथं एक देवाणघेवाण आहे. बारा व्होल्ट गाठायला त्याला जास्त वेगानं फिरावं लागतं, म्हणजे गर्दीत रांगत जाणाऱ्या गाडीत चार्जिंग उशिरा सुरू होतं. शिवाय फील्ड तुटलेल्या डायनामोला कोणताही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर जिवंत करत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत कुणाची बॅटरी पॉझिटिव्ह अर्थ असते तर कुणाची निगेटिव्ह, आणि मधल्या मालकांनी कधी ती उलटवलेलीही असते. जुनी डबी असा उलटफेर बऱ्याच वेळा पोटात घालते, इलेक्ट्रॉनिक डबी एका क्षणात जळते. तेव्हा सुधारणा करायची तरी आधी तपास हवाच.

चौथा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. जुन्या गाडीत एकच दोष क्वचित असतो, तीन-चार एकदम नांदतात. मग एक कारण, एक परिणाम असा तर्क तिथं लागू कसा पडणार? याचं उत्तर असं की दोष अनेक असतात तेव्हाच एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त लागते. समजा रेग्युलेटरचे पॉइंट चिकटून बसले, डायनामो बेफाम चालला, आर्मेचर तापून त्याचं सोल्डर उडालं. आर्मेचर नवं भरून बसवलं तर गाडी दोन दिवस उत्तम चार्ज करेल, जरा जास्तच उत्तम. बॅटरीचं पाणी आटू लागेल आणि नवं आर्मेचरही जुन्याच्या वाटेनं जाईल. आर्मेचर खराब होतं हे खरं, पण ते का खराब झालं हे विचारलं गेलं नाही. आणि डायनामो-डबी दोन्ही एकदम बदलली असती तर गाडी टिकली असती, पण कुणी कुणाला जाळलं हे कायमचं झाकलं गेलं असतं.

म्हणून बदलून पाहणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही. चांगल्या गाडीवरचा चालता कटआऊट आणून लावणं ही उत्तम चाचणी आहे, पण तिचा दुसरा निम्मा भाग कुणी करत नाही. नव्या डबीनं चार्जिंग सुरू झालं की तिथंच थांबायचं नाही. जुनी डबी पुन्हा त्याच साफ केलेल्या जागी, त्याच घासलेल्या वायरींना जोडायची. चार्जिंग पुन्हा बंद पडलं तर ती दोषी. चालूच राहिलं तर ती निर्दोष, आणि तुमच्या हातात एक जादा डबी शिल्लक. या उलट फेरीला पंधरा मिनिटं लागतात आणि ती टाळण्याचं एकही पटणारं कारण माझ्या ऐकण्यात नाही.

तेव्हा ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना एवढंच सुचवायचं आहे. गॅरेजवाल्यानं काढलेला भाग त्याच्याकडे सोडून येऊ नका. डायनामो असो की कटआऊट, तो घरी आणा, त्याला एक चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर काढल्याची तारीख, काढण्यापूर्वी मीटरवर आलेला आकडा आणि त्याबरोबर आणखी काय काय घासलं, आवळलं, बदललं ते लिहा. आकडा घेतलाच नसेल तर तसंही लिहा. आणि जुनी डबी परत लावून पाहिल्याशिवाय भंगारात देऊ नका.